दोष काढील त्याने उद्या तोच पाठ घ्यावा

शिवा, पैज तू जिंकलास.

हे सांगायला मी शनिवारी सवयीने तुझ्या घराकडे वळलोसुद्धा. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने मला बघून नेहमीप्रमाणे दोन विडे लावायला घेतले आणि मग त्याचाच हात थांबला. "राहू दे, दोन्ही दे," मी म्हणालो. दोन्ही मीच खाल्ले. जिंकणाऱ्याचा विडा हरणाऱ्याने खाल्ला, एवढी लबाडी माफ कर.

माफ कर म्हटलं की तू हसायचास. "वामन्या, तुला पाप करायला सवड कुठाय? सगळा वेळ पश्चात्तापात जातो की तुझा." गेल्या पंधरवड्यात हे वाक्य मी स्वतःलाच तुझ्या आवाजात म्हणून बघतो. हेल साधत नाही. दुधनीच्या माणसाचा हेल सोलापूरच्या माणसाला साधायचा नाही, हेही तुझंच म्हणणं.

पैज कशावरून लागली हे आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. आता मला एकट्यालाच ठाऊक आहे, म्हणून लिहून ठेवतो. पण सुरुवात पैजेच्या बरीच आधी झाली. आपण दोघे याच ट्रेनिंग कॉलेजात उमेदवार होतो, मास्तर व्हायला आलेले शिकाऊ मास्तर, तेव्हा झाली.

आठवतात ते शनिवार? मोठ्या दालनात मधोमध सराव शाळेतून आणलेली मुलं, समोर फळा, आणि भिंतीला लागून आपण सगळे हातात पेन्सिली परजून. एकाने पाठ द्यायचा. मुलं रांगेने बाहेर गेली की टीका सुरू. एकेकाने उठायचं आणि दोष सांगायचा. आवाज बारीक होता. खडू करकरला. फळ्यावरची ओळ तिरकी गेली. पाठ देणाऱ्याने एका मुलाला दोनदा विचारलं आणि एकाला विचारलंच नाही. जो जास्त दोष काढील तो हुशार, असा तिथला रिवाज होता, आणि हुशार ठरायची कुणाला हौस नव्हती? तुझा पाठ 'शेळी' या विषयावर होता. तू शेळीसारखं ओरडून दाखवलंस तेव्हा मुलं पोट धरून हसली, आणि ते हसणं वर्ग-शिस्तीच्या रकान्यात दोष म्हणून नोंदलं गेलं. दोष सांगणाऱ्यांत मीही होतो. खोलीवर परत जाताना मला वाटलं, आता हा माझ्याशी बोलणार नाही. तू चालता चालता एवढंच म्हणालास, "इतकी माणसं बोलली, वामन्या. एकानं तरी सांगितलं का, मग करायचं कसं?"

तो प्रश्न तू विसरला नाहीस. मी विसरलो. पुढे मी त्याच कॉलेजात अध्यापन-पद्धती शिकवायला लागलो, टीकापाठाच्या खुर्चीवर बसलो आणि दोषांना क्रम कसा द्यावा यावर व्याख्यानं देऊ लागलो. तू तालुक्यातल्या शाळा करत करत शेवटी सराव शाळेचा हेडमास्तर होऊन आलास. विणकरांच्या वस्तीला लागून असलेली ती शाळा, दिवसभर भिंतीपलीकडून मागांची खटखट, आणि निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तू मला सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसवलंस आणि तुझा नियम सांगितलास.

दोन उमेदवारांची एक जोडी. एकाने पाठ द्यायचा. दुसऱ्याने मुलांबरोबर शेवटच्या तरटाच्या पट्टीवर मांडी घालून बसायचं. खुर्ची नाही, वही नाही, आणि पाठ संपेपर्यंत उठायचं नाही. मग एकच दोष सांगायचा. आणि ज्याने दोष काढला त्याने उद्या तोच पाठ दुसऱ्या तुकडीवर स्वतः घेऊन दाखवायचा.

"मग कोण तोंड उघडेल?" मी म्हणालो. "सगळे 'उत्तम झाला, उत्तम झाला' म्हणतील आणि घरी जातील."

"जाऊ देत की."

"अरे, दोष कळले नाहीत तर सुधारणा कशी होणार?"

"दोष कळून तुझी झाली का?"

मला राग आला. मी म्हणालो की हे शिस्तीचं खेळणं करणं आहे, आणि तू शेंगा सोलत माझ्यापुढे टाकत राहिलास. मला वाद जिंकायचा असला की तू खायला द्यायचास. तोंड भरलं की माणूस मुद्दा विसरतो हे तू माझ्यावरच शिकलास.

पहिले काही आठवडे माझंच खरं ठरलं. उमेदवार पट्टीवर बसत, पाठ संपला की कपडे झटकून उठत आणि "फार सुंदर" म्हणत. मी तुझ्या खोलीत डोकावून नुसता भुवया उडवायचो. "थांब की जरा," तू म्हणायचास. "भाकरी तव्यावर टाकली म्हणून लगेच उलटत नाहीत." मग एक दिवस एकाने धीर केला. फळ्याकडे तोंड करून बोललास तर मागच्या पट्टीवर काही ऐकू येत नाही, हे त्याने पट्टीवर बसूनच ओळखलं होतं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः उभा राहिला आणि त्याला कळलं की तोंड मुलांकडे ठेवून फळ्यावर लिहायचं तर हात मोडून घ्यावा लागतो. त्या दोघांनी मग मिळून युक्ती काढली: आधी बोलायचं, मग गप्प राहून लिहायचं, आणि तेवढ्यात मुलांना काहीतरी करायला द्यायचं. माझ्या व्याख्यानात हे होतंच. पण व्याख्यान ऐकून कुणी तसं केल्याचं मी पाहिलं नव्हतं.

हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

आणि मग मारुती आला. सांगोल्याकडच्या धनगराचा मुलगा, अंगाने दणकट आणि वर्गात शिरला की दगड. एरवी बरा बोलायचा. पण फळ्यासमोर उभा राहिला की पाठाच्या टाचणातला प्रश्न म्हणायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचा. टाचणात डावीकडे प्रश्न आणि उजवीकडे 'अपेक्षित उत्तर' लिहायची पद्धत आपणच त्यांना शिकवलेली. मारुतीने ते अक्षरशः घेतलं. अपेक्षित तेच उत्तर आलं तर पुढे. दुसरं आलं तर त्याच्या कपाळावर घाम, आणि वर्गात शांतता, आणि भिंतीपलीकडे माग. त्या वर्षी उमेदवारांची संख्या विषम होती. मारुतीबरोबर जोडी करायला कुणी पुढे येईना. वार्षिक पाठाला शाळा तपासणारे दिपोटीसाहेब, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, यायचे होते. मी बैठकीत सरळ सांगितलं की या मुलाला आत्ताच घरी पाठवावं, साहेबांसमोर उभं करून त्याचा आणि कॉलेजचा दोघांचा पंचनामा कशाला? तो त्याच्या घराण्यातला पहिला मास्तर होणार होता, हे मला माहीत होतं. तरी म्हणालो.

तू भांडला नाहीस. नुसतं विचारलंस, "त्याच्यात दोष कोणता?"

"अपेक्षित उत्तराची वाट बघत बसतो."

"झालं तर. दोष तू काढलास. उद्या 'कापड' हा पाठ दुसरीवर तू घे. मारुती पट्टीवर बसंल. त्याला जोडीदार नव्हता, मिळाला."

प्रिन्सिपॉलसाहेब हसायला लागले. मी हसू शकलो नाही. दहा-बारा वर्षांत मी लहान मुलांच्या वर्गावर उभा राहिलो नव्हतो; पाठ कसा घ्यावा हे सांगण्यात इतका गुंतलो होतो.

तो पाठ तुझ्या घरी किती दिवस नाटकासारखा होत राहिला! गंगव्वावहिनींना तू माझी नक्कल करून दाखवायचास, डोक्यावरचा रुमाल नीट करून, खडू दोन बोटांत धरून. खरंच तसंच झालं होतं. मी मुलांना विचारलं, "आपल्या अंगावरचं कापड कोण विणतं?" माझ्या टाचणात उजव्या रकान्यात होतं: विणकर. पहिल्या पट्टीवरचा राजेशम उठला, छाती पुढे काढून म्हणाला, "मा नायना." आमचे बाबा.

मी म्हणालो, "चूक. बस."

दुसरा उठला. त्याचा मामा विणायचा. चूक. तिसऱ्याची आई सुताच्या कांड्या भरते, ते विणण्यात धरायचं का असं त्याने मला विचारलं. मी विणकर या शब्दाची वाट बघत उभा राहिलो. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी माग होता, आणि मी एकेकाला खाली बसवत होतो. शेवटी वर्गात कुणीच हात वर करेना. माझ्या कपाळावर घाम आला तेव्हा मला दाराशी उभा असलेला तू दिसलास. तू हसत नव्हतास. त्या दिवशी तू हसला नाहीस, नक्कल केलीस ती पुढे.

मुलं गेल्यावर मारुती पट्टीवरून उठला. टोपी हातात घेऊन चुरगाळत राहिला.

"गुर्जी, एक सांगू का?"

"सांग."

"राग न्हाय ना येनार?"

"येईल. सांग."

"त्या पोरानं बापाचं नाव घेतलं. तुमी चूक म्हनला." मग म्हणाला, "मी बी तसंच करतो. पन मला हितं बसल्यावर कळलं. ते पोरगं माज्याजवळ मागं येऊन बसलं, आन पुना म्हून काय बोललं न्हाय."

तू दारातून म्हणालास, "दोष कुणी काढला?"

"म्या."

"मग उद्या पाठ कुणाचा?"

"माजाच की," मारुती म्हणाला. आणि आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण वर्गात उभं राहायचं म्हटल्यावर त्या मुलाच्या तोंडून असा ठसक्याचा 'की' पहिल्यांदाच आला होता. "पन हेडमास्तर, दुसऱ्या तुकडीवर न्हाय घेनार. ह्याच पोरांवर घेतो. चूक त्यांच्याम्होरं झाली."

तू तिथल्या तिथे नियम बदललास. ज्या मुलांसमोर दोष झाला त्याच मुलांसमोर दुरुस्ती. आजही तसंच चालतं.

दुसऱ्या दिवशी मी पट्टीवर बसलो. मांडी घालताना गुडघे बोलले आणि शेजारच्या पोराने चटकन मला जागा करून दिली. मारुतीने तोच प्रश्न विचारला, आणि राजेशमला उभं करून विचारलं की तुझा बाप मागावर धोटा कुठल्या हाताने फेकतो. मग काय विचारतोस! सगळा वर्ग हात फेकायला लागला. उजवा म्हणणारे आणि डावा म्हणणारे यांचं भांडण लागलं. मारुतीचा आवाज त्या गोंधळाच्या वर चढला, कळपाला हाक मारतात तसा. इतका मोठा आवाज त्याच्यात होता आणि आम्ही त्याचे 'बारीक आवाज' म्हणून गुण कापत होतो. पाठ संपेपर्यंत त्याच्या हातात खडू तसाच राहिला, फळा कोरा. हा दोष मी काढला. म्हणून तिसऱ्या दिवशी पाठ पुन्हा माझा. मी फळा भरला आणि मुलांना बोलायला वेळच दिला नाही; तो दोष मारुतीने काढला. असा तो 'कापड' आमच्या दोघांच्या हातून धोट्यासारखा इकडून तिकडे जात राहिला, आणि शेवटी एका पोराने काकुळतीला येऊन विचारलं, "गुर्जी, आज बी कापडच का?"

शिवा, मी मास्तर झालो तो त्या आठवड्यात. पदवीचा कागद आधीचा आहे.

वार्षिक पाठाच्या दिवशी दिपोटीसाहेबांनी मारुतीला विषय दिला 'वारा'. तयारीला थोडका वेळ. मी दाराबाहेर फेऱ्या मारत होतो आणि तू मला दरडावलंस, "बस खाली. जोडीदार पट्टीवर पाहिजे, व्हरांड्यात न्हाय." मारुतीने विचारलं, "वारा दिसतो का?" अपेक्षित उत्तर कुठल्याही टाचणात एकच असणार. एक मुलगा उठून म्हणाला, "दिसतो."

साहेबांची पेन्सिल थांबली. मी मनात म्हणालो, संपलं.

"कुटं दिसतो?" मारुती म्हणाला.

"आमच्या गल्लीत."

"कसा दिसतो? चल, दाव."

पोरगा खिडकीशी गेला. बाहेर बोळात रंगवून वाळत घातलेल्या सुताच्या लडी बांबूंवर टांगलेल्या होत्या, लाल, निळ्या, हिरव्या, आणि वाऱ्याने एका बाजूला कललेल्या. सगळा वर्ग खिडकीवर जाऊन आदळला. वारा कुठून कुठे चाललाय, जोरात आहे की हळू, लड ओली असेल तर कमी का हलते, हे सगळं मुलांनीच सांगितलं. आणि दिपोटीसाहेब खुर्चीतून उठून, टाचा उंचावून, मुलांच्या डोक्यांवरून बघत होते.

नंतर त्यांनी मारुतीला विचारलं, "लडींचं तुमच्या टाचणात होतं?"

"न्हाय, साहेब."

"मग?"

"उत्तर पोरानं दिलं. म्हनून मला म्होरचा प्रश्न सुचला."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

मारुतीने माझ्याकडे बोट केलं. "ह्यांनी मला. आन थोडं मी ह्यांनला."

साहेब इतके हसले की त्यांचा फेटा सैल झाला. मारुतीला त्या वर्षी पाठात वरचे गुण मिळाले, आणि तू त्याला तुझ्याच शाळेत ठेवून घेतलंस. सांगोल्याहून त्याचा बाप त्याला बघायला आला, वर्गाच्या दारात काठी टेकून उभा राहिला, आणि पाठ संपेपर्यंत आत आला नाही. मी त्याला म्हणालो, आत बसा की. तो म्हणाला, "नगं. बोलतंय न्हवं आमचं पोरगं? बोलू द्या."

त्या दिवशी मी तुला म्हणायला हवं होतं, 'तुझं खरं होतं.' चार शब्दही नाहीत. त्याऐवजी संध्याकाळी तळ्याकाठी मी काय म्हणालो? "हे तुझ्यामुळे झालं, नियमामुळे नाही. तू आहेस तोवर जोडी चालेल. तू इथून हललास की पहिल्या शनिवारी जुना टीकापाठ परत येईल. दोष काढणं सोपं असतं, शिवा. माणूस सोप्याकडेच जातो."

तेव्हा तुझ्या बदलीची बोलणी चालली होती. माझ्या मनात बदली होती. तू शेंगा सोलायच्या थांबलास.

"लावतोस पैज?"

"लाव."

"मी गेल्यावर जोडी मोडली, तर मी असेन तिथून तुला एक पोतं शेंगा पाठवीन. टिकली, तर तू पहिलीच्या वर्गावर पाठ द्यायचा. सगळ्या उमेदवारांच्या समोर. पहिलीच्या, वामन्या. दुसरीच्या न्हाय."

बदली टळली. पैज तशीच राहिली. मध्ये कधी वाद झाला की तू नुसतं "पहिली" म्हणायचास आणि मी विषय बदलायचो.

या जूनमध्ये नवे उमेदवार आले तेव्हा तू विषमज्वराने अंथरूण धरलेलं होतंस. त्यांनी तुला पाहिलंच नाही. हे लक्षात ठेव; पुढे महत्त्वाचं आहे.

शेवटच्या सकाळी मी तुझ्याजवळ बसलो होतो. ताप उतरल्यासारखा वाटत होता. तू विचारलंस, आज कुणाचा पाठ? मी म्हणालो, मल्लप्पाचा, तुझ्याच दुधनीचा आहे, पहिलाच पाठ, पण मी जाणार नाही. तू डोळे वटारलेस. त्या क्षीण चेहऱ्यावर ते डोळे मोठे मोठे दिसले. "जोडीदार कोण त्याचा?" मी म्हणालो, मीच, यंदाही एक उमेदवार जास्त आहे. "मग हितं काय करतोस? जा."

मी गेलो. मल्लप्पा फळ्यासमोर उभा होता, आणि पाठ अर्ध्यावर असताना दारात आपला शिपाई येऊन उभा राहिला. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

मला कळलं. आणि मी उठलो नाही, शिवा. त्या क्षणी मल्लप्पाने एका मुलाला प्रश्न विचारला होता आणि तो माझ्याकडे, फक्त माझ्याकडे बघत होता. मी उठलो असतो तर त्याला वाटलं असतं की त्याचं चुकलं. पाठ संपेपर्यंत मी मांडी घालून बसून राहिलो. पाठात काय झालं, मला आठवत नाही. मुलं गेल्यावर मी एकच शब्द बोललो, "छान," आणि तुझ्या घरापर्यंत धावत आलो. उशीर झाला होता.

तुझ्या मातीला उभं राहताना मी हेच घोकत होतो: बसून राहिलो, बसून राहिलो. हे ओझं घेऊन मी वहिनींसमोर गेलो. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "शेवटी शुद्धीवर आले तर विचारलं, वामन कुठाय. मी म्हटलं, पाठाला गेलेत. तर म्हणाले, बरं झालं." मग त्याही स्थितीत त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही उठून आला असता ना, तर उठून बसून भांडले असते." आम्ही दोघंही हसलो. तुझ्या घरात, त्या दिवशी. आलेल्या बायका बघतच राहिल्या.

पुढच्या बैठकीत प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, नवा हेडमास्तर येईपर्यंत शनिवारचे टीकापाठ पूर्वीसारखे दालनात घेऊ, सर्वांना सोपं पडेल. वाईट माणूस नाही तो. शाळेचा भार एकदम त्यांच्यावर आला होता. मी बोलायला हवं होतं. पण तुझं नाव काढलं तर रडू फुटेल अशी भीती वाटली आणि मी खाली मान घालून बसलो. पैज मी जिंकत होतो आणि मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

मग तो शनिवार आला. तेच दालन, मधोमध मुलं, भिंतीला लागून उमेदवार. एकाने 'झाडाची मुळं' हा पाठ दिला. बरा होता, घाईचा होता. मुलं बाहेर गेली. प्रिन्सिपॉलसाहेब खुर्चीत सावरून बसले आणि म्हणाले, "हं. आता एकेकाने उठून दोष सांगा."

कुणी उठेना. मी डोळे मिटले.

मग मल्लप्पा उठला. "एक हाय, साहेब. मुळं दाखवायला झाड उपटून आणलं, पन पोरांच्या हातात दिलं न्हाय. लांबूनच दाखवलं." आणि खाली न बसता म्हणाला, "सोमवारी ह्याच पोरांवर हाच पाठ मी घेतो."

"तुम्हाला पाठ घ्यायला कोणी सांगितलं?" साहेब गोंधळले. "तुम्ही फक्त दोष सांगा."

"दोष काढला न्हवं, साहेब. मग घ्यायला नको?"

तो बसला तर दुसरा उठला. त्याचा दोष वेगळा, आणि शेवट तोच: "मंगळवारी मी घेतो." मग तिसरा, बुधवार. आता आठवडा भरत आला तशी मागून कुणी ओरडलं, "गुरुवार माजा! लई दोष काढू नका रे, वार संपत्याल!" दालन हसण्याने भरून गेलं. आणि ज्याचा पाठ झाला होता तो पोरगा, इतके दोष ऐकूनही, हसत उभा होता. कारण आठवडाभर त्याचाच पाठ सगळे घेणार होते.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "वामनराव, हे तुम्ही पढवलंत?"

मी शपथेवर नाही म्हणालो. खरोखरच नाही. नंतर मल्लप्पाला विचारलं तेव्हा त्याने सांगितलं: आल्याच्या पहिल्या संध्याकाळी वसतिगृहात दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी सांगितलं होतं, पाणी कुठे भरायचं, जेवणाची घंटा कधी होते, आणि दोष काढील त्याने उद्या तोच पाठ घ्यायचा. "हितली रीतच हाय म्हनले," तो म्हणाला. हा नियम कुणी काढला, असं मी विचारलं. तो विचारात पडला. "कुनी म्हंजे? पयल्यापासनं असंल की."

शिवा, ऐकलंस? तुझं नावसुद्धा लागलं नाही त्याला. रीत झाली. यापेक्षा मोठा विजय मास्तराच्या नशिबात असतो का? साहेबांनी त्याच दुपारी आदेश मागे घेतला. मी दालनाच्या पायऱ्यांवर बसून रडलो, आणि रडताना आयुष्यात पहिल्यांदा मला कशाचाही पश्चात्ताप वाटत नव्हता.

काल मी पैज फेडली. पहिलीचा वर्ग, 'माझे घर' हा पाठ, भिंतीला लागून सगळे उमेदवार, आणि शेवटच्या पट्टीवर मांडी घालून मारुती. आता त्याच्या मिशीत एखादा पांढरा केस दिसतो. पहिलीच्या पोरांनी माझी काय दशा केली ते तुला ऐकायला हवं होतं. एकाने माझ्या रुमालाचं टोक ओढलं. एकीने तिच्या घरात साप निघाल्याचं इतकं रंगवून सांगितलं की अर्धा पाठ सापावरच गेला, आणि मी जाऊ दिला. घंटा झाली तेव्हा माझा आवाज बसला होता, उमेदवार टाळ्या वाजवत होते, आणि टाळ्या वाजवणं शिस्तीत बसत नाही हे सांगायचं मला सुचलं नाही.

मुलं गेल्यावर मारुती उठून जवळ आला. टोपी हातात घेऊन चुरगाळायला लागला, पहिल्यासारखाच.

"गुर्जी, एक सांगू का?"

"सांग."

"पाठ झ्याक झाला. पन तुमी सारखं दाराकडं बगत हुता."

त्याने टोपी डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "उद्या मी घेतो. ह्याच पोरांवर."

आज त्याचा पाठ आहे. मी शेवटच्या पट्टीवर बसणार आहे. दाराकडे बघणार नाही, आणि पाठ संपेपर्यंत उठणार नाही.